नोराला जाशील तेव्हा

बाळ, तुम्हा दोघांचं सार्डिनियाला जायचं पक्कं झालं आणि त्यात नोरासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवलास, हे ऐकून फार बरं वाटलं. त्या बेटावर माणसं जातात ती समुद्रासाठी. दोन हजार वर्षांपूर्वीचं एक शहर तिथे पाण्याच्या कडेला रस्ते, गटारं, न्हाणीघरं आणि उंबरठ्यांसकट उघडं पडलंय, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

जुनी गावं कशी बघायची हे आम्हाला आमच्या सरांनी शिकवलं. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर चढलो की ते आधी एकच प्रश्न विचारत: इथल्या माणसाला पाणी कुठून मिळत होतं? देऊळ कुणाचं, राजा कोण, शिलालेख काय म्हणतो, हे सगळं त्यानंतर. पुढे मी शाळेत इतिहास शिकवला, देशाबाहेरची काही जुनी शहरं पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न उपयोगी पडला. सरांनी दिलेलं आणि माझ्या पायांनी मिळवलेलं, असं दोन्ही तुला देते. जाण्याआधी एकदा आणि तिथे पोचल्यावर एकदा वाच.

गावाची कुंडली आधी माहीत हवी

नोरा सार्डिनियाच्या दक्षिण टोकाला, कालियारी या राजधानीच्या शहरापासून तीसेक किलोमीटरवर, पुला गावाजवळच्या एका चिंचोळ्या भूशिरावर आहे. दोन्ही बाजूंना पाणी आहे, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी जहाजाला एका बाजूला आडोसा मिळतो. म्हणून तर तिथे शहर वसलं. आधी फिनिशियन व्यापारी आले, मग कार्थेजची सत्ता आली. इ. स. पू. 238 मध्ये रोमने कार्थेजकडून हे बेट घेतलं आणि इ. स. पू. 227 मध्ये सार्डिनिया व कॉर्सिका मिळून रोमचा प्रांत झाला. रोमला बेटाचं आकर्षण होतं ते धान्याचं. सिसिली, सार्डिनिया आणि उत्तर आफ्रिका ही रोमची कोठारं होती.

हे लक्षात ठेवलंस तर एक गोंधळ टळेल. नोराला आपण रोमन शहर म्हणतो, पण रोमनांनी ते कोऱ्या जमिनीवर आखलेलं नाही. जुन्या गावावर, जुन्या लोकांमध्ये ते हळूहळू रोमन होत गेलं. म्हणून तिथे रस्ते सरळ रेघेत नाहीत. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात शहर ऐन भरात होतं. पुढे साम्राज्य खिळखिळं झालं, समुद्रावरून हल्ले होऊ लागले, माणसं आत सरकली आणि आठव्या शतकाच्या सुमाराला गाव ओस पडलं.

निघण्याआधी घरचं बघून घे

व्हिसाचे कागद जमवता जमवता एक शनिवार-रविवार काढून धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन ये. तेर म्हणजे ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथातलं तगर. तिथलं लामतुरे संग्रहालय नीट बघ. सातवाहनांच्या काळात आपल्या मुलखाचा रोमन जगाशी भरपूर व्यापार होता. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडून आलेल्या अँफोरांचे तुकडे निघाले. अँफोरा म्हणजे दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा उंच रांजण. दारू, तेल, खारवलेल्या माशांचा रस असं सगळं त्यातून जहाजाने जायचं. बूड निमुळतं असल्यामुळे जहाजाच्या पोटात ते एकमेकांत घट्ट बसवता येत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती सापडली. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे, तीही बघ.

हे आधी बघितलंस म्हणजे नोराच्या मातीत खापराचा एखादा जाड कान दिसला की तो कशाचा, हे तुला कुणी सांगावं लागणार नाही.

ऋतू आणि वेळ

मे महिना उत्तम. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरही चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो जाऊ नकोस. भूशिरावर सावली जवळजवळ नाही. दगड तापतात, समुद्राचा उजेड डोळ्यांवर येतो आणि तासाभरात माणूस मलूल होतो. त्यात 15 ऑगस्टला इटलीत मोठी सुट्टी असते, आणि त्या आठवड्यात सारा देश समुद्रकिनारी लोटतो.

फाटक उघडतं त्या वेळेला पोच. सकाळचं तिरपं ऊन दगडांवर पडतं तेव्हा भिंतींचे पाये, उंबरठ्यांतल्या खाचा, मोझेकचे, म्हणजे रंगीत दगडी तुकड्यांच्या फरशीचे, चढउतार असं सगळं उठून दिसतं. भर दुपारी तेच सपाट वाटतं. किमान तीन तास हवेत. उघडण्या-मिटण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री कर.

वाऱ्याकडे लक्ष ठेव. वायव्येकडून येणारा मायेस्त्राले हवा स्वच्छ करतो, पण टोपी उडवून नेतो. टोपीला नाडी असू दे. आग्नेयेकडून येणारा शिरोक्को उष्ण असतो आणि कधीकधी सहाराची धूळ घेऊन येतो. तो सुटला असेल तर तो दिवस कालियारीच्या संग्रहालयाला दे आणि नोराला दुसऱ्या दिवशी जा.

वाट आणि सामान

इटली शेंगेन या सामाईक व्हिसाच्या गटात आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून व्हिसाचा अर्ज करता येतो, तेव्हा तो शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस. रोम किंवा मिलानहून कालियारीला विमान मिळतं. कालियारीहून पुलापर्यंत बस आहे. तिकीट शक्य तर आधी काढून ठेव आणि बसमध्ये चढल्यावर त्यावर शिक्का उमटवायला विसरू नकोस. रविवारी आणि सणाला बस कमी असतात. परतीची वेळ निघण्याआधीच विचारून घे. पुलापासून नोरा तीन-चार किलोमीटर आहे. चालता येतं, पण वाट उन्हाची आहे.

पायांत मागे पट्टा असलेले, जाड तळव्याचे बूट घाल. रोमन फरसबंदीचे दगड मोठे, काळपट आणि गुळगुळीत झालेले आहेत आणि त्यांच्यामधल्या फटींत चप्पल अडकते. सासूबाई बरोबर येणार असतील तर काठी घ्यायला सांग, आणि त्यांना सगळं हिंडवू नकोस. नाट्यगृह, चार खांबांचं घर आणि समुद्राकाठचं स्नानगृह एवढं त्यांना पुरे. माणशी दीड लिटर पाणी जवळ हवं. आत शिरण्याआधीच स्वच्छतागृहात जाऊन या.

सोबत खायला खाकरा, चिवडा, मेथीचे ठेपले चालतील. मात्र दुधाचे पदार्थ नेऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, खवा, तूप यांतलं काही बॅगेत असेल तर विमानतळावर टाकून द्यावं लागेल.

आधी संग्रहालय, मग शहर

क्रम उलटा करू नकोस. जमिनीवर दिसतात त्या भिंती. त्या भिंतींमधल्या वस्तू सापडल्या तशा उचलून संग्रहालयात नेल्या आहेत. कालियारीच्या कास्तेल्लो भागात, टेकडीवर, राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. तिथे दोन गोष्टी शोध.

पहिली, नोराचा शिलालेख. वालुकाश्माचा मीटरभर उंचीचा हा दगड 1773 मध्ये समोर आला. त्यावर फिनिशियन लिपीत आठ ओळी आहेत, आणि तो इसवी सनापूर्वीच्या नवव्या-आठव्या शतकातला मानतात. त्याचा अर्थ कसा लावायचा यावर पंडितांचं अजून एकमत नाही, पण सार्डिनियाच्या नावाचा सगळ्यांत जुना उल्लेख त्यात आहे असं मानलं जातं.

दुसरी, झोपलेल्या माणसाची मातीची मूर्ती, अंगाभोवती साप असलेली. ती नोराच्या टोकावरच्या देवस्थानात सापडली. आरोग्यदेव आस्क्लेपियस याच्या देवळात आजारी माणसं रात्री झोपायला येत. स्वप्नात देव येतो आणि उपाय सांगतो, अशी श्रद्धा होती. ही मूर्ती बघून मग नोराच्या त्या टोकाला उभी राहा. नुसत्या चौथऱ्याला अर्थ येतो. दुखणं घेऊन होडीतून उतरलेली माणसं, त्यांच्यासोबत आलेले नातेवाईक, जागून काढलेली रात्र असं सगळं मनात उभं राहतं.

पुला गावातही नोरातल्या वस्तूंचं एक संग्रहालय आहे. उघडं असलं तर तेही बघ.

पाण्यापासून सुरुवात कर

आता सरांचा प्रश्न. भूशिरावर नदी नाही, चहूकडे खारं पाणी. मग शहर जगलं कसं?

उत्तर घराघरात आहे. अंगणात किंवा खोलीच्या कोपऱ्यात लांबट, दोन्ही टोकांना गोलाई दिलेली टाकी शोध. ती कार्थेजच्या काळापासूनची पद्धत. छपरावरचं पावसाचं पाणी त्यांत उतरायचं, आणि ते झिरपू नये म्हणून आतून चुन्याचा घट्ट गिलावा असायचा. विहिरीही आहेत. विहिरीच्या तोंडाचे दगड वाकून नीट बघ. कुठे दोराने पडलेल्या घळी सापडल्या तर त्या दगडासमोर थोडी थांब. ज्या बाईने तिथून पाणी शेंदलं, तिची दुसरी कुठलीही खूण जगात उरलेली नाही.

रोमन काळात पुढे डोंगराकडून कालव्याने पाणी आलं, आणि मगच मोठी स्नानगृहं शक्य झाली. एवढ्याशा शहरात चार स्नानगृहं आहेत. पाण्याची कोंडी सुटल्यावर माणसं कशी मोकळी झाली, ते त्या आकड्यातून कळतं. स्नानगृहात गार पाण्याची खोली, कोमट खोली आणि गरम खोली असा क्रम असायचा. जिथे फरशीखाली विटांचे ठेंगणे खांब दिसतील ती गरम खोली. बाहेरच्या भट्टीतली गरम हवा त्या खांबांमधून फिरायची आणि वरची फरशी तापायची. भट्टीचं तोंड शोध. लाकडं सारणारा गुलाम तिथे, धुरात उभा असायचा, आणि नहाणारा भिंतीच्या पलीकडे. दोघांचीही जागा बघितल्याशिवाय स्नानगृह बघितलं असं म्हणू नकोस.

मग वापरलेलं पाणी कुठे गेलं ते बघ. रस्त्याच्या फरसबंदीखालून गटारं गेली आहेत. कुठे वरचा दगड सरकलेला असेल तिथे ती उघडी दिसतात. उतार कुठल्या बाजूला आहे ते बघ, म्हणजे समुद्र त्या काळी कुठे होता त्याचा अंदाज येईल.

रस्ता, उंबरठा, फरशी

पाण्यानंतर पायाखालचं बघ. उंबरठ्याच्या दगडात दाराच्या फळ्या बसवायच्या खाचा असतात. एका टोकाला गोल खळगा असेल तर दार खुंट्यावर फिरणारं होतं, आणि लांब सरळ खोबण असेल तर फळ्या सरकवून बंद करायचं दुकान असण्याचा संभव जास्त. एवढं ओळखता आलं की रस्त्यावर घर कुठलं आणि दुकान कुठलं, हे फलक न वाचता सांगता येईल.

भिंतींची बांधणीही बघ. मोठे दगड उभे-आडवे ठरावीक अंतरावर आणि मधल्या जागेत लहान दगडांची भरण, ही आफ्रिकी पद्धत आहे, कार्थेजकडून आलेली. रोमन राज्यातही गवंडी ती सोडायला तयार नव्हते. राज्य बदललं म्हणून गवंड्याचा हात लगेच बदलत नाही. इतिहासाच्या पुस्तकात हे सहसा लिहीत नाहीत.

चार खांबांचं घर चुकवू नकोस. त्याच्या मधल्या चौकाभोवती चार खांब आहेत आणि फरशीवर मोझेक. त्यात समुद्रातल्या प्राण्यावर बसलेली जलदेवता आहे. नोराचे मोझेक मुख्यतः पांढरे, काळे आणि गेरूसारख्या पिवळ्या रंगाचे. रंग मोजकेच, पण नक्षी इतकी नेटकी की डोळा हलत नाही. एक गोष्ट कटाक्षाने पाळ. रंग उजळ दिसावेत म्हणून काही लोक मोझेकवर बाटलीतलं पाणी ओततात. तसं कधीच करू नकोस, आणि कुणी करत असेल तर नम्रपणे थांबव. पाण्याबरोबर खालचे क्षार वर येतात आणि दगडाचे तुकडे सुटायला लागतात.

नाट्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. सार्डिनियात टिकून राहिलेलं ते एकमेव रोमन नाट्यगृह, हजारेक माणसांचं. उन्हाळ्यात तिथे आजही संध्याकाळी कार्यक्रम होतात. तुमच्या दिवसांत एखादा असला तर तिकीट काढ. भाषा कळली नाही तरी चालेल. अभिनेत्याचा आवाज त्या अर्धवर्तुळात ध्वनिक्षेपकाशिवाय कसा पोचत असेल, ते तिथे बसल्याशिवाय समजत नाही.

पाण्याखालचं शहर

रोमन काळापासून आजवर तिथे समुद्राची पातळी मीटरभराहून अधिक वाढली आहे. त्यामुळे शहराच्या कडा आणि चौकाचा काही भाग पाण्याखाली गेला. शांत दिवशी काठावरून पाण्यात शिरणाऱ्या भिंती आणि दगडांच्या ओळी दिसतात. पोहत जाऊन तिथे बुड्या मारू नकोस. तो सगळा संरक्षित भाग आहे.

त्याच समुद्राने एकदा दिलंही आहे. 1889 मध्ये वादळी लाटांनी किनारा खरवडला, आणि नोराच्या वाटेवरच्या सांत एफिसिओ या संताच्या चर्चजवळ फिनिशियन-कार्थेजकालीन स्मृतिशिला उघड्या पडल्या. मोठं उत्खनन त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, 1950 च्या दशकात, जेन्नारो पेशे यांच्या देखरेखीखाली झालं. 1990 पासून इटलीतल्या विद्यापीठांची पथकं तिथे काम करत आली आहेत. उत्खननाच्या हंगामात गेलीस तर दोरीच्या अलीकडे उभी राहून विद्यार्थ्यांचं काम बघ. तासाभरात चार बोटं माती काढणारे ते हात बघितले की इतिहास किती सावकाश हाती लागतो हे कळतं.

मे महिन्यात गेलीस तर

नोराच्या वाटेवर, वाळूच्या कडेला, सांत एफिसिओचं दगडी चर्च आहे, अकराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं. एफिसिओ हा रोमन सैन्यातला अधिकारी. ख्रिस्ती झाला म्हणून इ. स. 303 मध्ये त्याला इथेच मारलं, अशी परंपरा आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला प्लेगने कालियारी उद्ध्वस्त झालं तेव्हा शहराने त्याला नवस केला, आणि 1657 पासून तो दर वर्षी फेडला जातो. 1 मेला संताची मूर्ती कालियारीहून निघते, नोराला मुक्काम करते आणि 4 मेला परतते. वाटेत फुलांच्या पाकळ्यांचा सडा, सजवलेल्या बैलगाड्या, गावोगावचे पोशाख, लाउनेद्दास या तीन नळ्यांच्या पाव्याचे सूर, आणि मागे पायी चालणारी माणसं. आपल्या वारीसारखंच, ती माणसं बघे म्हणून येत नाहीत, नेमाने येतात. 1943 मध्ये कालियारीवर बाँब पडले होते, तरी मूर्ती ट्रकवर ठेवून नेली, पण नवस मोडला नाही.

त्या दिवसांत जाणार असलीस तर खोली काही महिने आधी ठरव. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असू देत, आणि प्रार्थना चालू असताना फोटो काढू नकोस.

जेवण

दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात आणि अडीच-तीननंतर स्वयंपाकघरंही बंद होतात. जेवायला वेळेवर बस. तू कुलुर्जोनेस मागव. बटाटा, पुदिना आणि मेंढीच्या दुधाचं चीज भरलेल्या, कडा चिमटून शिवल्यासारख्या दिसणाऱ्या पुऱ्या त्या, उकडलेल्या. पाने कारासाऊ म्हणजे कागदासारखी पातळ, कडकडीत भाकरी. मेंढपाळ ती डोंगरात दिवसेंदिवस नेत. शेवटी मध घातलेली सेआदास, म्हणजे चीज भरलेली तळलेली पुरी, खा. तुझ्या नवऱ्याला एक सांग: मेंढीच्या चीजमध्ये बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण असतं. कडक शाकाहार पाळत असेल तर त्याने चीज टाळावं. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडी रक्कम लावतात. ती टेबलाची असते, त्यावरून वाद घालू नका.

तिथलं तिथेच राहू दे

हे सगळ्यांत महत्त्वाचं. चालताना मातीत खापराचा तुकडा दिसेल, मोझेकचा सुटा दगड दिसेल, सुंदर शिंपला दिसेल. हात लावू नकोस. सार्डिनियाच्या किनाऱ्यांवरची वाळू, खडे, शिंपले नेण्यावर 2017 च्या कायद्याने 500 ते 3,000 युरो दंड आहे, आणि विमानतळावर बॅगा तपासून वाळूच्या बाटल्या काढून घेतल्या जातात. पुरावशेष उचलणं तर सरळ गुन्हा आहे.

पण दंडाच्या भीतीने हे पाळू नकोस. खापर जिथे पडलं आहे तिथेच त्याला भाषा असते. कुठल्या थरात, कुठल्या भिंतीलगत, कशाबरोबर, यावरून त्याचा काळ ठरतो. तुझ्या कपाटात आल्यावर तो नुसता मातीचा तुकडा. आपल्याकडे तेर, पैठण, नेवासा इथल्या टेकाडांवरची माती माणसांनी शेतात पसरायला नेली, वस्तू हौसेने उचलून नेल्या, आणि कितीतरी गोष्टी कायमच्या मुक्या झाल्या. हे दुःख पाहिलेल्या पिढीतली मी आहे.

म्हणून सांगते: नोराहून येताना वहीत नोंदी आण, हाताने काढलेली चित्रं आण, फोटो आण. आणि परत आल्यावर आपल्या गावाजवळच्या पांढरीवर कुणी जेसीबी लावताना दिसलं, तर गप्प बसू नकोस. पुरातत्त्व खात्याला त्याच दिवशी लेखी कळव.